कागदावर ४८०, पोटात ३२० : क्लस्टर डोकेदुखीच्या प्रतिबंधक औषधाचे एक प्रकरण

माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे एक गृहस्थ, वय ४६. गेली काही वर्षे त्यांना क्लस्टर डोकेदुखीची आवर्तने येतात, म्हणजे झटके काही काळ सलग येत राहतात आणि मग थांबतात. हे प्रकरण कुणा एका खऱ्या रुग्णाचे नाही. या आजारात प्रतिबंधक औषध सुरू झाल्यावर जे जे घडताना दिसते, ते एका माणसाभोवती गुंफले आहे. औषधे, मात्रा आणि धोके मात्र जसे असतात तसेच ठेवले आहेत.

दुखणे नेहमी डाव्या डोळ्याभोवती. रात्री दोनच्या सुमारास जाग येते ती कळ सुरू झाल्यामुळेच. डोळा लाल होतो, पाणी वाहते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, पापणी खाली उतरते. मायग्रेनचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. सरांना पडून राहणे शक्यच नसते, ते येरझारा घालतात. असा झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकू शकतो आणि दिवसात आठ वेळाही येऊ शकतो. हजारात साधारण एकाला हा आजार असतो, त्यामुळे निदान व्हायला वेळ लागतो. सरांच्या बाबतीतही आधी सायनसचे उपचार झाले आणि एक धडधाकट दाढ काढून झाली. त्यांचे आवर्तन एरवी दोनेक महिन्यांत आपोआप संपायचे. या वेळी ते लांबले, चार महिन्यांच्या पुढे गेले, आणि प्रतिबंधक औषधाचा खरा कस तिथे लागला.

झटका आल्यावर घ्यायचे उपचार त्यांच्याकडे होते. मास्क लावून मिनिटाला १२ लिटर वेगाने शुद्ध ऑक्सिजन, आणि त्याने भागले नाही तर सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन, २४ तासांत जास्तीत जास्त दोन. ऑक्सिजनवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिनिटांत ७८ टक्के झटके शमले होते, साध्या हवेने २० टक्के. दुष्परिणामांचा विचार करताना हे विसरून चालत नाही. सिलिंडर जवळ असेल आणि मास्क नीट बसत असेल, तर प्रतिबंधक औषध खेचून वर नेण्याची घाई कमी होते. पण रोज रात्री दोन-तीन झटके येत असतील तर झटके येऊच नयेत असे काहीतरी लागतेच.

मागच्या आवर्तनात ते काम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने केले होते. डोकेदुखी आठवड्यात आटोक्यात आली, पण झोप उडाली, घरात कुणी काही बोलले की सर अंगावर धावून जायचे आणि उपाशीपोटीची साखर वर गेली. स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचा टेकू म्हणून वापरायचे असते. दर आवर्तनात लांबलचक कोर्स झाले तर साखर, हाडे आणि खुब्याचा सांधा यांना किंमत मोजावी लागते. या वेळी सरांनीच नको म्हटले. त्याऐवजी डोक्याच्या मागच्या बाजूला, ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह या मज्जातंतूजवळ स्टेरॉइड आणि भूल यांचे इंजेक्शन दिले गेले. टोचलेल्या जागी काही दिवस दुखले आणि तिथले थोडे केस विरळ झाले. सरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मुख्य औषध व्हेरापामिल. हे मुळात रक्तदाबाचे आणि हृदयाच्या लयीचे औषध, क्लस्टरसाठी मात्र हृदयरोगात देतात त्याहून बरेचदा जास्त द्यावे लागते. दिवसाला २४० मिलिग्रॅमने सुरुवात करून दर दोनेक आठवड्यांनी ८० ने वाढवत नेतात. काहींना ९६० पर्यंत जावे लागते. सुरू करण्याआधी एक ईसीजी, मग प्रत्येक वाढीनंतर दहा-चौदा दिवसांनी एक, आणि मात्रा स्थिर झाल्यावरही अधूनमधून. कारण हे औषध हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युतसंदेश मंद करते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ईसीजी काढलेल्या १०८ क्लस्टर रुग्णांपैकी २१ जणांत लयीचा बिघाड आढळला होता. बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. रुग्णाला त्रास होत नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे या औषधाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

सरांचा पहिला ईसीजी स्वच्छ होता. संदेश पोहोचायला लागणारा वेळ, म्हणजे पीआर अंतर, १६४ मिलिसेकंद. सर्वसाधारण मर्यादा २०० पर्यंत. २४० वर ते १७० झाले, ३२० वर १७८. रात्रीचे झटके तीनचे दोन झाले. पुढे ४०० आणि मग ४८० लिहून दिले गेले, आणि इथून पुढे प्रकरण अडकले. झटके दोनाच्या खाली येईनात. नोंदीत लिहिले गेले : ४८० वर पुरेसा परिणाम नाही, ५६० चा विचार.

जे आकडे हलले नाहीत

या टप्प्यावर गोळ्या सुरू झाल्यानंतरचे चार ईसीजी एकाशेजारी एक ठेवले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ३२० नंतरचे दोन्ही कागद जवळजवळ एकमेकांची नक्कल होते. पीआर १७८, मग १७८, मग १८०. नाडी ६६ च्या आसपास खिळलेली. २४० वरून ३२० वर जाताना जे हृदय लगेच दाद देत होते, ते आणखी १६० मिलिग्रॅम पोटात गेल्यावर ढिम्म कसे राहील? एखाद्याचे राहूही शकते. पण असे दिसले की आधी गोळ्या खरोखर पोटात जात आहेत का ते पाहावे, आणि मग औषधाला दोष द्यावा.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ हा प्रश्न त्यांना प्रत्येक भेटीत विचारला गेला होता. त्याला ‘हो’ शिवाय दुसरे उत्तर येत नसते. त्या दिवशी प्रश्न जरा वेगळा विचारला गेला : ‘सर, आठवड्यात कुठली गोळी जास्त वेळा राहून जाते?’ सर क्षणभर थांबले. उत्तर त्यांच्या पत्नीने पिशवी टेबलावर रिकामी करून दिले.

पिशवीत व्हेरापामिलच्या स्ट्रिप होत्या, असायला हव्यात त्याहून कितीतरी जास्त. गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा नेटकेपणाने त्यांनी चंदेरी कागदावर बारीक पेनाने प्रत्येक खणामागे अक्षर लिहिले होते : स, दु, रा. सकाळ आणि रात्रीचे खण फुटलेले. ‘दु’ लिहिलेले बहुतेक सगळे खण शाबूत, गोळी आत.

‘शाळेत असतो ना दुपारी,’ सर म्हणाले. मग जरा वेळाने : ‘पोट साफ होत नाही, डॉक्टर. चार-चार दिवस. सकाळी पाऊण तास संडासात आणि पहिला तास साडेसातला. एक डोस कमी केला तर जरा बरं वाटेल असं वाटलं.’

‘मग आधी का नाही सांगितलंत?’

‘डोक्याचं एवढं भयंकर चाललेलं असताना पोटाचं काय रडगाणं गायचं?’

या वाक्यात सगळे प्रकरण आहे असे मला वाटते. व्हेरापामिल आतड्याच्या स्नायूंनाही ढिले करते, त्यामुळे बद्धकोष्ठ हा त्याचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम. त्याने जिवाला धोका नसतो, म्हणून डॉक्टर त्याची यादीत नुसती नोंद करतात, आणि रुग्णाला त्याची लाज वाटते म्हणून तोही बोलत नाही. आणि नेमका तोच दुष्परिणाम गुपचूप उपचार पोखरत असतो. ४०० लिहिले तेव्हा सर दुपारची एक गोळी गाळत होते, ४८० लिहिले तेव्हा दुपारच्या दोन. म्हणजे कागदावर मात्रा वाढत गेली आणि शरीरात ती सारा वेळ ३२० च राहिली.

याने झटके थांबले नाहीत, ते तर झालेच. अधिक गंभीर गोष्ट ईसीजीची. त्या दोन्ही ईसीजींवर ‘४०० वर ठीक’, ‘४८० वर ठीक’ असा शेरा पडला होता. यंत्राने मोजले होते ते ३२० च्या परिणामाला. याच भरवशावर ५६० लिहून दिले असते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी निवांत बसलेल्या सरांनी मनावर घेऊन सगळ्या गोळ्या नियमाने सुरू केल्या असत्या, तर हृदयावर एकदम २४० मिलिग्रॅमची उडी पडली असती, मधल्या एकाही पायरीवर तपासणी न होता. गोळी चुकवणे हा बेशिस्तीचा प्रश्न समजला जातो. इथे तो सुरक्षिततेचा प्रश्न होता, आणि रुग्णाला तो तसा समजावून सांगितला की तो रागावत नाही, उलट चटकन खरे बोलतो.

पोट, पाय आणि पोटऱ्या

पोटासाठी सरांनी स्वतःच इसबगोल सुरू केले होते, आणि त्याने त्रास वाढला होता. त्यात आश्चर्य नाही. इसबगोल मळाचे आकारमान वाढवते, पुढे ढकलायचे काम आतड्याचे. आतडेच सुस्त असेल आणि वर पाणी कमी असेल तर तो गोळा जागच्या जागी बसून राहतो. सर शाळेत पाणी कमी प्यायचे, तासाच्या मध्ये उठावे लागू नये म्हणून. इसबगोल थांबवून त्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज पाण्यातून घ्यायला सांगितली गेली. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते. पोट तुंबल्यावर घ्यायची नाही, रोज घ्यायची, व्हेरापामिल आहे तोवर. तीन दिवस काहीच झाले नाही तर बिसाकोडिल ही पोट साफ करणारी एखादी गोळी. आठवड्याभरात तक्रार संपली असे नाही, पण दिवसाआड सुटका होऊ लागली. व्हेरापामिलच्या पहिल्या चिठ्ठीवरच ही पावडर लिहायला हवी असे माझे ठाम मत आहे.

पिशवीत आणखी तीन गोष्टी सापडल्या. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन २०, कुठून तरी घेतलेले आयबुप्रोफेन हे वेदनाशामक, आणि सुजेसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली लघवी वाढवणारी थायाझाइड गोळी. या तिन्ही एकाच साखळीतल्या निघाल्या.

व्हेरापामिलने घोट्यांपाशी सूज येते. सर दिवसभर फळ्यापुढे उभे, संध्याकाळी मोज्याची किनार पायावर खोल उमटलेली, बोटाने दाबले की खड्डा राहायचा. दोन्ही पायांना सारखी, सकाळी उतरणारी. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते. रक्तवाहिन्या सैल पडून पाणी ऊतींत झिरपते, म्हणून लघवीच्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. त्या गोळीने झाले एवढेच की शरीर कोरडे पडले आणि बद्धकोष्ठ आणखी आवळले. एकाच पायाला सूज असती, पाय दुखरा आणि गरम असता किंवा धाप लागत असती, तर गोष्ट वेगळी, ती त्याच दिवशी तपासायची. इथे गोळी बंद झाली. पाय उंच ठेवून बसणे आणि शाळेत घट्ट मोजे, एवढ्यावर भागले.

पोटऱ्यांचे दुखणे सरांनी उभे राहण्याच्या खात्यावर टाकले होते. व्हेरापामिल यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्याच विकराने सिम्वास्टॅटिनचा निचरा होतो. दोन्ही एकत्र असली की सिम्वास्टॅटिन रक्तात साठते, स्नायू दुखतात, क्वचित स्नायूंची नासाडीही होते. म्हणून व्हेरापामिलबरोबर सिम्वास्टॅटिन दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असा दंडक आहे. स्नायूंचे विकर तपासले, ते थोडेच वाढलेले निघाले. सिम्वास्टॅटिन बदलून या वाटेने न जाणारे रोसुव्हास्टॅटिन दिले गेले. पोटऱ्या पंधरवड्यात शांत झाल्या आणि त्यांच्यासाठी घेतलेले आयबुप्रोफेनही सुटले. आयबुप्रोफेनने सूज वाढते, हे वेगळे सांगायला नको. हाच विकर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि ग्रेपफ्रूटचा रस अडवतात, आणि त्यांनी व्हेरापामिलच रक्तात साठते. म्हणून खोकल्यासाठी कुठलेही अँटिबायोटिक घेण्याआधी विचारायचे, असे ठरले. रक्तदाबाचे किंवा धडधडीचे बीटा-ब्लॉकर तर या औषधाबरोबर परस्पर घ्यायचेच नाही, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाही. दोन्ही मिळून नाडी धोकादायकरीत्या खाली आणू शकतात.

खरे ४८०

मात्रा पुन्हा ३२० धरून पायऱ्या नव्याने चढल्या गेल्या. दुपारची गोळी शाळेत राहते हे मान्य करून तिचा भार रात्रीकडे सरकवला, कारण झटकेही रात्रीचेच होते. खऱ्या ४०० वर पीआर १९४ आणि झटका रात्री एक. खऱ्या ४८० वर झटका दोन-तीन दिवसांतून एक, आणि पीआर २१२, नाडी ५६.

२०० ओलांडले म्हणजे पहिल्या श्रेणीचा ब्लॉक. संदेश उशिरा पोहोचतो, पण प्रत्येक संदेश पोहोचतो. एवढ्यावरून औषध लगेच तोडायचे नसते, वाढवायचेही नसते. हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले गेले : ४८० वर थांबा, आठवड्याने पुन्हा ईसीजी, आणि हृदयाच्या ठोक्यांची २४ तासांची नोंद. सरांना हेही सांगितले गेले की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भोवळ येऊन पडायला झाले किंवा नाडी पन्नासच्या खाली जाऊन गळून गेल्यासारखे वाटले, तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. आठवड्याने पीआर २१० होते. २४ तासांच्या नोंदीत ठोका गळालेला दिसला नाही.

उरलेल्या झटक्यांसाठी टोपिरामेट हे दुसरे प्रतिबंधक औषध जोडले गेले, २५ मिलिग्रॅमपासून, दर आठवड्याला २५ ने वाढवत. पहिल्या आठवड्यातच बोटांना मुंग्या आल्या आणि फसफसणारी पेये पाण्यासारखी लागू लागली. हे त्यांना आधी सांगितलेले होते, त्यामुळे ते घाबरले नाहीत. मूतखडा टाळायला पाणी भरपूर प्यायचे हेही त्यांनी पाळले, एव्हाना ते पाण्याचे महत्त्व शिकले होते. ७५ वर मात्र गाडी रुतली. नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढून झाला, दोन बाजूंवर समानतेच्या खुणा करून झाल्या, आणि ‘समद्विभुज’ हा शब्द येईना. वीस वर्षे रोज उच्चारलेला शब्द. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो पुरवला, वर्ग हसला, सरही हसले. दुसऱ्या आठवड्यात हेच ‘परिमिती’चे झाले तेव्हा ते हसले नाहीत.

टोपिरामेटमुळे शब्द अडतात, विचार संथ होतो, ते मात्रेवर अवलंबून असते आणि औषध सोडल्यावर जाते. घरबसल्या काम करणाऱ्या एखाद्याने ते आवर्तनापुरते चालवून घेतले असते. शिकवणाऱ्याने का घ्यावे? मात्रा खाली आणत ते बंद केले गेले. दुष्परिणाम सोसण्याजोगा आहे की नाही हे त्या माणसाच्या दिवसावरून ठरते, आणि त्या दिवसाची माहिती त्याच्याकडेच असते. मनःस्थिती ढासळण्याबद्दलही त्यांना आणि त्यांच्या पत्नीला वेगळे विचारले गेले. या औषधाने उदासी येऊ शकते, आणि जीव नकोसा करणाऱ्या या दुखण्यात तो प्रश्न सरळ शब्दांत विचारायचा असतो. तसे काही नव्हते.

लिथियमचाही विचार झाला. क्लस्टरमध्ये ते जुने आणि कामाचे औषध आहे, विशेषतः आवर्तने न थांबणाऱ्या रुग्णांत. पण रक्तातली त्याची योग्य आणि विषारी पातळी फार जवळजवळ असते. थायरॉइड, मूत्रपिंड आणि शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातली पातळी, हे सगळे नियमित तपासावे लागते. थायाझाइड आणि आयबुप्रोफेन दोन्ही ती पातळी वर ढकलतात, म्हणजे आधीच्या त्या पिशवीत लिथियम पडले असते तर अनर्थ झाला असता. शिवाय व्हेरापामिलसोबत असताना पातळी ठीक असूनही कापरे आणि तोल जाणे असे मज्जासंस्थेचे त्रास होऊ शकतात. इतक्या थोड्या उरलेल्या झटक्यांसाठी एवढा पसारा नको, असे ठरले. गॅल्केनेझुमॅबच्या ३०० मिलिग्रॅमच्या मासिक इंजेक्शनाला अमेरिकेत २०१९ साली आवर्तनी क्लस्टरसाठी परवानगी मिळाली, युरोपच्या नियामकाने ती दिली नाही. त्याची माहिती सरांना दिली, त्यांनी तूर्त थांबायचे म्हटले. डोक्याच्या मागचे इंजेक्शन एकदा पुन्हा दिले आणि उरलेले झटके ऑक्सिजनवर सोडले.

झटके पूर्ण थांबून पंधरा दिवस झाल्यावर व्हेरापामिल ८० च्या पायऱ्यांनी उतरवले गेले. एकदम तोडले तर आवर्तन संपले की औषधाने दबले होते ते कळत नाही, आणि दबलेले असेल तर ते उसळते. २४० वर असताना दात घासताना रक्त येते म्हणून सर दाखवायला आले. हिरड्या दातांवर चढल्या होत्या. हाही याच औषधाचा, उशिरा दिसणारा परिणाम. दंतवैद्यांनी दात साफ करून दिले, हिरड्या उतरायला काही महिने लागतील असे सांगितले.

औषध बंद झाल्यावरचा ईसीजी : पीआर १६६, नाडी ७०. सगळ्या ईसीजींच्या प्रती आता सरांच्याच वहीत आहेत, आणि प्रत्येकावर चिठ्ठीतली मात्रा व खरोखर घेतलेली मात्रा असे दोन आकडे त्यांच्या अक्षरात आहेत. पुढच्या आवर्तनात पहिल्या आठवड्यातच डोक्याच्या मागचे इंजेक्शन, पहिल्या गोळीबरोबर पावडर, आणि व्हेरापामिल ४०० पर्यंत, एवढे ठरले आहे. त्यापुढे जायचे की नाही ते तेव्हाचा ईसीजी पाहून. हृदयरोगतज्ज्ञांनी ४८० वर फुली मारलेली नाही.